पेपरची खोली

जुन्या वर्तमानपत्रांचा बांधीव खंड कपाटात परत ठेवला की साळवेमामा त्याला हलकेच थोपटत आणि म्हणत, "झोप आता." अंबरनाथच्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या दिवशी हे पाहून मला हसू आवरेना. मामा हुद्द्याने शिपाई, पण त्यांचा जीव होता बांधणीत. कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ ते स्वतः शिजवत आणि दाभणाने महिन्या-महिन्याचे अंक शिवत. पान दुमडणारा वाचक कितीही मोठा असो, त्याला ऐकावे लागेच, "साहेब, कागद हाय, रुमाल नाय."

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षे झाली होती. जवळच्या बुवापाडा वस्तीतली मुले संध्याकाळी दप्तरे घेऊन आमच्या जिन्यात बसत, कारण आत फक्त मोठ्यांना प्रवेश होता. मुलांसाठी वेगळी खोली काढायचे समितीच्या मनात होते, पण वरचा मजला बांधायला पैसे नव्हते आणि जागा कुठून आणायची यावर प्रत्येक बैठक अडायची. अशाच एका बैठकीत चहाचे कप ठेवता ठेवता मामा म्हणाले, "पेपरची खोली द्या पोरांना."

मला धक्काच बसला. वीस वर्षे शिवलेले खंड हा माणूस स्वतःच्या तोंडाने बाहेर काढायला सांगत होता! मी तावातावाने भांडले. गावाचा इतिहास आहे तो, मी म्हणाले. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पेपर थांबतील. पोरांची दहावी थांबत नाय."

ठराव झाला. खंड कोणी फुकट नेले तरी चालतील, असे ठरले आणि "बघतो मी त्यांचं," म्हणत मामांनी ते काम अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी तीन हातगाड्या भरून गेल्या. एकाही खंडाला त्यांनी थोपटले नाही. दुपारी ते चहा घेऊन आले तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "ठेवा तिथे, रद्दीवाले." त्यांनी कप ठेवला, बशी सरळ केली आणि गेले.

खोली मात्र झकास झाली. लहानांना सतरंजी आणि बुटकी कपाटे, मोठ्या मुलांना लांब टेबले. चिठ्ठी न देता पुस्तकाला हात लावता येतो, याचेच मुलांना केवढे अप्रूप. मामांची नातही रोज येऊन कोपऱ्यात अभ्यासाला बसे. मला ती खोली आवडू लागली होती, पण कबूल कोण करणार? तीन वर्षे मी मामांशी कामापुरतेच बोलले. एका सकाळी ते झोपेतच गेल्याचा निरोप आला.

मला चार दिवस तोंड दाखवायचा धीर झाला नाही. मग एका दुपारी बुवापाड्यात त्यांच्या घरी गेले. दार अर्धेच उघडले. आत एकच खोली आणि तिच्या चारही भिंतींना खांद्यापर्यंत लागून खंडच खंड. त्यांच्या पलंगाला पाय नव्हते, फळ्यांखाली खंडच रचलेले होते.

मामींनी पाणी दिले. म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं नाय म्हणायचे. मॅडमना कळलं तर सगळं परत नेतील, पोरांची खोली बंद होईल." मग म्हणाल्या, "वरचा मजला झाला की मॅडम स्वतः येतील न्यायला, असंपण म्हणायचे. झाला का मजला?"

मजला झाला नव्हता. तो होणारही नव्हता, हे मला ठाऊक होते.

नात कुठे आहे, असे काहीतरी मी विचारले.

"तुमच्याकडंच की," मामी म्हणाल्या. "दहावीचं वर्ष. इथं पोरीला वही उघडायला जागा कुठाय?"