कोरड्या हाताचे मास्तर

विश्वनाथ मास्तरांच्या घरात शिरणाऱ्याला आधी तळहात दाखवावे लागत. "कोरडे हायेत का?" हाच त्यांचा रामराम. एखादा पाहुणा रीतीनं हातपाय धुऊन आला, तर बिचाऱ्याला वाळेपर्यंत उन्हात उभं करत.

बुलढाण्याच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवत. नागपूरच्या कॉलेजातलं संशोधन घरच्या अडचणीनं अर्धवट सुटलेलं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, आणि मास्तरांचं नशीबही तिथंच अडकलेलं. त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं, या हिवाळ्यात तो पदार्थ करून दाखवलास तर कॉलेजातली जागा तुझी, नाहीतर दुसऱ्याची.

पदार्थ कसला, ते त्यांनी मला आमच्या चुलीपाशी बसून समजावलं. "धातूचं अन् कार्बनचं लग्न लावून राह्यलो. मॅग्नेशियम नवरदेव, मांडव ईथरचा. पण पाण्याचा एक थेंब आला, की सोयरीक मोडली." उन्हाळ्यात हवा कोरडी, पण ईथर उडून जाई. पावसाळ्याचं तर नावच नको. म्हणून मुहूर्त फक्त संक्रांतीच्या थंडीत. गल्ली विचारी, "काय मास्तर, लागलं का लग्न?" तिशी उलटलेले हे ब्रह्मचारी गंभीरपणे सांगत, "हवा ओली हाय."

मी शेजारची, तेरा वर्षांची. मला दोनच गोष्टी येत होत्या, भाकरी थापणं आणि न विचारता मदत करणं. पैकी भाकरी आता सुटली.

मास्तरांच्या आई, जिजाकाकू, दर प्रयोगाआधी दह्याची वाटी घेऊन उभ्या. "हातावर घे रे बाप्पा, चांगल्या कामाले लागून राह्यला."

"माय, दही ओलं असते!"

शेवटी एका सकाळी मास्तरांची पाठ वळताच काकूंनी प्रयोगाच्या काचेच्या चंबूत गंगाजल शिंपडलं. मी मागं कशी राहीन? मी वर तुळशीचं पान सोडलं आणि डोळे मिटून हात जोडले. उघडले तर समोर मास्तर. आता भडकणार, असं वाटलं. त्यांनी चिमट्यानं पान काढलं आणि हळूच म्हणाले, "माय, गंगा बी पाणीच हाय वं."

ईथर आता एकाच खेपेपुरतं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू आपणहून अंगणात जाऊन बसल्या, दह्यासकट. मास्तरांनी सगळं मिसळलं. चंबू गार, ढिम्म. चेतवायला आयोडीनचा खडा टाकला. रंग तपकिरी झाला, बाकी काही नाही. मग माझ्याकडे वळले. "हात दाखव."

हात चुलीनं गरम, पिठानं कोरडेठाक. फुटलेल्या हाताच्या पोरीला नवरा मिळत नाही, या धास्तीनं मी रोज लोणी चोळत असे. त्या दिवशी विसरले, हे शास्त्राचं नशीब.

"पीठ पूस. ईथरपाशी विस्तव चालत नाही, हाताची ऊब पुरे. धर चंबू."

मी धरला. तपकिरी रंग फिका झाला, आत गढुळलं, आणि विस्तव नाही, काही नाही, माझ्या ओंजळीत ते उकळायला लागलं! मी अशी किंचाळले, की मास्तरांनी आधी चंबू झेलायला खाली हात धरले.

"लागलं का रे?" अंगणातून काकू.

मास्तरांचे डोळे भरले, तसे ते झटकन उठून दाराबाहेर गेले. जाता जाता मला म्हणाले, "चंबूवर वाकू नको. रडशीन."

महिन्याभरानं ते नागपुराला निघाले. मलकापूर स्टेशनला जाणाऱ्या मोटारीपाशी काकू वाटी घेऊन उभ्या. मास्तरांनी सवयीनं हात मागं घेतला, मग हसून तळवा पुढं केला.

"दे माय. आता ओलं चालते."

काकूंनी अख्खी वाटीच उपडी केली.