दुभाष्यांचं उत्तर

जेद्दाच्या कोर्टातले आमचे दुभाषे मूळचे चिपळूणचे. कुणी ‘बहुतेक’ म्हटलं, तर ते ‘बहुतेक’सुद्धा अरबीत पोचवायचे. प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसायची सवय. मी मध्येच रडले, तर तेही त्यांनी शांतपणे न्यायाधीशांना सांगितलं.

बहीण आणि मेहुणे ताइफच्या रस्त्यावर अपघातात गेले, तेव्हापासून भाची माझ्याकडे आहे. तिचा ताबा तिच्या वडिलांकडच्या आजोबांनीही मागितलाय. न्यायाधीशांनी विचारलं, यांच्या देशाच्या कायद्याने मुलगी मावशीला मिळते का? मी लगेच ‘हो’ म्हणाले. मग त्यांनी दुभाष्यांनाच विचारलं. त्यांच्या एका ‘हो’वर सगळं मिटलं असतं. त्यांनी चष्मा पुसला, अरबीत काहीतरी थोडकं बोलले आणि सुनावणी थांबली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “काय सांगितलंत?”

“मला माहीत नाही, भारतातल्या कोर्टाला विचारा, असं.”

“अहो, पोरीला नेतील ना माझ्याकडून.”

“उत्तर आलं की तेही मीच वाचून दाखवणार आहे, ताई.”

आधीच स्वच्छ असलेला चष्मा ते पुन्हा पुसत राहिले. तरी ते त्या उत्तरातला एक शब्दही बदलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.