दोन फेऱ्यांच्या मध्ये

क्लबात माझ्या धाकट्या दिरांना सगळे ‘पट्टी’ म्हणत. पारदर्शक चिकटपट्टीचं रीळ ते मनगटात कड्यासारखं घालून यायचे, म्हणून. रिमोटवर पळणारी वेगाची छोटी बोट पाण्यात सोडण्याआधी तिचं झाकण कडेनं पट्टी लावून बंद करावं लागतं, नाहीतर पाणी आत शिरून मोटार, बॅटरी, रेडिओ सगळं तळाला जातं. ते काम त्यांचं. बोट पाण्यात ठेवणं, बाहेर काढणं, पट्टी सोलणं, पुसणं, हेही त्यांचंच. मुळात ती बोट बनवणंही त्यांचंच होतं, पण नव्या सभासदांना ते ठाऊक नसायचं. त्यांच्या लेखी पट्टी म्हणजे चॅम्पियनसाहेबांचा भाऊ, सामान उचलायला येणारा.

चॅम्पियनसाहेब म्हणजे माझे यजमान.

गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. दगड संपल्यावर खड्ड्यात पाणी साचलं आणि ते वाऱ्यापासून आडोशाला असल्यामुळे आरशासारखं सपाट राहतं. तिथे रविवारी हातभर लांबीच्या बोटी पळतात. काठावरचा माणूस रिमोट धरून उभा असतो आणि बोट मोटारगाडीला मागे टाकील अशी सुटते. तिचा पंखा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असतो, मागे पाण्याचा तुरा उठतो आणि तिचं अंग पाण्याला जेमतेम टेकलेलं असतं. मला सुरुवातीला त्या आवाजानंच धडकी भरायची. दाढदुखीवाल्या डॉक्टरांकडचा तो आवाज, तोच, पण शंभरपट.

क्लबाच्या शेडमध्ये एक बोर्ड आहे. प्रत्येक वर्गातल्या बोटींसाठी एक ओळ: वेग आणि नाव. कुणी जास्त वेग काढला की जुनं नाव पुसून नवं लिहायचं. नाव चालवणाऱ्याचं. बनवणाऱ्याचं कुठेच नाही, कारण क्लब सुरू केला त्या मंडळींत जो बनवायचा तोच चालवायचा, वेगळा विचार करायची गरजच पडली नव्हती. सगळ्यात मोठ्या वर्गाच्या ओळीत माझ्या यजमानांचं नाव आहे. तेही दिरांनीच रंगवलं आहे, कारण क्लबात सुबक अक्षर आणि न थरथरणारा हात एवढा त्यांचाच.

हाताची ही स्थिरता त्यांनी कारखान्यात मिळवली. पंपांच्या कारखान्यात ते फिरत्या भागांचा तोल काढायचे. भाग फिरवायचा, जड बाजू कुठली ते शोधायचं, तिथून चिमूटभर धातू घासून काढायचा, पुन्हा फिरवायचा. यंत्र थांबलं की मीटर काय म्हणतो ते बघण्याआधी ते दोन बोटं टेकवायचे. ऊब किती, थरथर किती, हे बोटांना आधी कळतं असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. आमच्याकडे आले तरी फ्रिजला हात लावून बघायचे आणि म्हणायचे, “वहिनी, हा लवकरच त्रास देणार.” द्यायचाही.

बोटी बनत त्यांच्या मागच्या खोलीत. आधी लाकडाचा नमुना, त्याला मेण घासून घासून चकाकी, मग त्यावरून साचा, साच्यात कापड आणि राळ, ती वाळून कडक झाली की बोटीचं अंग तयार. राळेच्या वासानं जाऊबाईंचं डोकं उठायचं. पितळी पंखा ते कानशीनं इतका धारदार करत, की एकदा त्यानंच पार्सलची दोरी कापताना मी त्यांना पाहिलं. मोटार तापू नये म्हणून तळ्याचंच पाणी बारीक नळीनं तिच्याभोवती खेळवायचं, ही खटपट तर महिनोन्‌महिने चाले. जाऊबाई म्हणायच्या, “मोटारीला वेळेवर पाणी पाजतात. मी सकाळपासून पडून आहे, तर मला विचारलं का, पाणी हवंय?” त्यावर दीर उठून खरंच पाणी आणून देत आणि परत खोलीत जात. भांडायला माणूस समोर टिकायला तर हवा.

माझे यजमान वेगळ्या मुशीतले. त्यांना कानस धरता येत नव्हती, पण नजर आणि अंगठा यांचं त्यांच्याकडे काहीतरी जमून गेलं होतं. बोट आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि त्या वेगात विचार करायला सवड नसते. ते विचार करतच नसत. दिरांनी एकदा-दोनदा रिमोट हातात घेतला होता, पण यजमान लगेच म्हणत, “आण इकडे, दगडावर घालशील.” मग पुन्हा कधी त्यांनी तो मागितला नाही.

ज्या दिवशी तो विक्रम झाला, त्या संध्याकाळी क्लबात छोटा समारंभ होता. यजमानांनी भाषणात सेक्रेटरींचे आभार मानले, बॅटरीच्या दुकानदाराचे मानले, रविवार सोडून दिल्याबद्दल माझे मानले. घरी परतताना जाऊबाईंनी विचारलं, “दादा, बॅटरी विकणाऱ्याचे आभार झाले. बोट कुणी केली होती म्हणे?” यजमान मोठ्यानं हसले. म्हणाले, “घरच्यांचे आभार कुणी मानतं का? मग उद्या स्वतःच्या अंगठ्याचेही मानावे लागतील.” गाडीत सगळे हसले. दीरही हसले. ते पुढच्या सीटवर बोट मांडीवर घेऊन बसले होते आणि पट्टीचा राहिलेला तुकडा नखानं सोलत होते.

तरी विक्रमाच्या दिवसातलं एक काम यजमानांशिवाय झालं नसतं, तेही सांगायला हवं. विक्रमासाठी एक फेरी चालत नाही. जाताना एक आणि येताना एक, म्हणजे वाऱ्याचा फायदा कटतो. दोन्हींची सरासरी धरतात. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये बोटीला कुणी हात लावायचा नाही. पूर्वी लोक मध्येच बॅटरी बदलत, पंखा बदलत, म्हणून हा नियम. एरवी प्रत्येक फेरीनंतर बोट काठाला आली की दीर पट्टी ओढून काढत आणि दोन बोटं मोटारीवर ठेवत. ते त्यांच्याकडून आपोआपच व्हायचं. म्हणून विक्रमाच्या प्रयत्नाच्या दिवशी यजमान पहिल्या फेरीनंतर बोट पाण्याच्या मधोमध संथ फिरवत ठेवत आणि मान न वळवता म्हणत, “हात खिशात.” काठावरचे लोक हसत, आणि दीर शाळेतल्या मुलासारखे हात पँटच्या खिशात घालून उभे राहत.

यजमान गेले ते हृदयविकारानं, बसल्या जागी. वर्षभर दीर खाणीकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस जाऊबाईंनी मला फोन करून सांगितलं की मागच्या खोलीतून पुन्हा वास येतोय.

मी गेले. साच्यात नवी बोट होती, पहिलीपेक्षा अरुंद. दिरांनी मला स्टूल पुसून दिलं. मी विचारलं, ही कोण चालवणार. ते म्हणाले, मीच. वर्ग कुठला? तर तोच, दादाचा. लहान वर्गात त्यांना सहज नाव मिळालं असतं, हे मलाही कळत होतं, तसं मी म्हटलंही.

त्यांनी कानस पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाले, “वहिनी, मला दादाला हरवायचं नाही. ती बोट माझी होती. तिच्याहून चांगली बोट मला करता येते का, एवढंच बघायचंय. आणि एकदा तरी त्या ओळीत माझं नाव...”

“मग यांचं पुसलं जाईल,” मी म्हटलं.

“पुसायला मीच जाईन. नीट पुसेन.”

मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. काय बोलावं हे तरी तो सुचवतो. राग आला तो माझ्या मुलाला. वडील गेल्यावर त्यानं क्लबाचं सभासदत्व घेतलं होतं. रिमोटवर हात बसला नाही, म्हणून वेळ मोजण्याचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं, आणि ते तो चोख करायचा. त्याचं म्हणणं, वडिलांचं असं एवढंच तर कुठेतरी लिहिलेलं आहे. फ्लॅटच्या दारावर तर बांधकाम कंपनीनं दिलेली पाटी, तीही आडनावाची. “काकांना हीच ओळ सापडली? माणूस जाऊन जेमतेम वर्ष झालं तोच?” मी म्हटलं, ती बोट काकांनी केली होती. तो म्हणाला, “गाडी कोण बनवतं ते शर्यतीत विचारत नाहीत, आई.” वाक्य बापाचंच होतं. आवाजही.

दीर त्यानंतर सबंध हिवाळा पहाटे खाणीवर जाऊन एकटे सराव करत. सुरुवातीला बोट दगडावर घातलीच. तळ फुटला, तो जोडला, पुन्हा घातली. जाऊबाई म्हणायच्या, “म्हातारपणी चालायला शिकतायत, ताई. आपटणारच.” पण उन्हं तापायला लागेपर्यंत बोट त्यांच्याकडे तोंड करून यायची तेव्हाही ते चुकेनासे झाले होते. यजमानांसारखी सफाई नव्हती. दात चावून, डोळे बारीक करून, ते डावं-उजवं मनात म्हणत. ओठ हलताना दिसत.

विक्रमाचा प्रयत्न वर्षातून एकदाच, एका ठरलेल्या रविवारी, आणि एका बोटीला एकच. त्या दिवशी वारा पडलेला होता. पाण्यात दोन लाल डबे सोडले होते. त्यांच्या मधलं अंतर किती वेळात कापलं ते यंत्र मोजतं, आणि यंत्रापाशी माझा मुलगा बसला होता. त्यानं काकांना नमस्कार केला. काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. मी आणि जाऊबाई शेडच्या सावलीत खुर्च्यांवर बसलो होतो.

पहिली फेरी झाली. आवाजाआधीच बोट दुसऱ्या डब्यापलीकडे गेलेली होती, असं मला वाटलं. मुलानं आकडा वाचला. विक्रमाहून चांगला होता, आणि थोडाथोडका नाही. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंनी माझा हात धरला आणि सोडला नाही.

आता फक्त परतीची फेरी. बोट वळवून मधोमध संथ फिरवायची, वारा नाही हे बघायचं आणि सोडायची. पण दिरांना काहीतरी ऐकू आलं. नंतर त्यांनी सांगितलं की मोटारीचा सूर किंचित वर चढला होता. असेलही. त्यांनी बोट सावकाश काठाशी आणली, अगदी पायाशी. रिमोट काखेत मारला. वाकले. पट्टीचं टोक नखानं उचललं, एका ओढीत सोलली, झाकण काढलं आणि दोन बोटं मोटारीवर टेकवली.

मोटार ठीक होती. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते अगदी समाधानानं हसले, आणि रीळ मनगटातून काढून नवी पट्टी लावायला घेतली. अर्धी लावून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

सेक्रेटरींनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मला वाटतं, यावर कुणीच काही बोलू नये, अशी त्यांची इच्छा होती. वर्षानुवर्षं चहा एकत्र प्यालेली माणसं होती.

माझा मुलगा उठून उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, “काका, झाकण उघडलंत तुम्ही.”

“हो,” दीर म्हणाले.

“मग ही धरता येत नाही.”

“नाहीच धरता येत.”

जाऊबाई उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. दिरांनी उरलेली पट्टी लावली, कडेनं अंगठा फिरवून नीट दाबली. कुणालाच कळेना की आता कशासाठी. मग त्यांनी बोट पाण्यात ठेवली, रिमोट घेतला आणि परतीची फेरी सोडली.

या वेळी त्यांचे ओठ हलत नव्हते. बोट आमच्याकडे तोंड करून आली, दोन्ही डब्यांच्या मधून, दोरी आखून दिल्यासारखी, आणि तिच्या मागचा तुरा इतका लांब आणि बारीक होता की पाण्याला कुणी चीर दिली असं वाटलं. यजमानांचा विक्रम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. ही फेरी त्याहून वेगवान होती, हे सांगायला यंत्र लागत नव्हतं. क्लबातले जुने लोक उभे राहिले. एकानं मुलाला विचारलं, “किती?”

मुलानं यंत्र बंद केलेलं होतं. प्रयत्न रद्द झाला, तिथेच त्यानं बटण दाबलं होतं. नियमाप्रमाणे तसंच करतात.

घरी परतल्यावर तो मला म्हणाला, “बाबांचं नाव बाबांच्या जागी राहिलं. तुला बरं नाही वाटलं?” मी म्हटलं, “यंत्र चालू ठेवायला काय हरकत होती?” तो त्या रात्री जेवला नाही. त्यानं नियम मोडला नव्हता, खोटं बोलला नव्हता, चुलत्याचा अपमानही केला नव्हता. त्याला रागवायला मला कुठे धरायचं तेच सापडेना, आणि अजूनही सापडलेलं नाही.

दिरांनी ती बोट पुन्हा पाण्यात घातली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा म्हणून सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. दिरांनी त्यांना बसवून घेतलं, खोलीतली हत्यारं दाखवली, बोटीबद्दल बोलले नाहीत. त्याच पावसाळ्यानंतर त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण लांबचं अंतर पूर्वीसारखं कळेना. मग रिमोट धरायचंही संपलं.

मागच्या महिन्यात शेडचा बोर्ड नव्यानं रंगवायला काढला. अक्षरं उडाली होती. रंगाचा डबा नेहमीप्रमाणे त्यांच्याच घरी आला. ते नको म्हणाले असते तर कुणी वाईट वाटून घेतलं नसतं, पण ते गेले. मी बरोबर गेले. जाताना सेक्रेटरींशी बोलून ठेवलं होतं, की ओळीच्या खाली बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव घालू द्या. त्यांनी ‘नियमात नाही, पण मी बघितलं नाही असं समजा’ म्हणून सांगितलं होतं. हे मी दिरांना सांगितलं.

“नको, वहिनी,” ते म्हणाले. “जागा नाही तिथे.”

जागा होती. बोटभर तरी होती. त्यांनी पट्टी लावून वरची आणि खालची रेघ आखली, आणि मधे माझ्या यजमानांचं नाव लिहिलं, एकेक अक्षर, श्वास धरून. पुढे वेगाचा आकडा. मग पट्टी सोलून काढली आणि मागे सरून बघत राहिले. रंग वाळला का ते बघायला दोन बोटं पुढे झाली, अक्षरापासून वीतभरावर थांबली. त्यांनी हात मागे घेतले आणि खिशात घातले.

बोटांना पांढरा रंग होता. तो पँटला आतून लागला, धुऊनही निघाला नाही. जाऊबाई त्यावरून अजून बोलतात. दीर ऐकून घेतात आणि तीच पँट घालतात.