बॉयलरचे बालरोगतज्ज्ञ

गरम पाण्याच्या नळाला थंड पाणी आलं की आनंदाने मोहरून उठणारा माणूस कॅनडातल्या आमच्या अख्ख्या किचनर शहरात एकच: माझ्या मेहुण्याचे सासरे! जन्मभर त्यांनी लहान मुलं तपासली आणि रिटायर झाल्यावर आपला मोर्चा बॉयलरकडे वळवला. गणपतीच्या जेवणात कुणी नुसतं म्हणावं, "आमच्याकडे पाणी कोमट येतंय हो," की डॉक्टर अर्धा मोदक ताटात टाकून कोटाकडे धावलेच! बेसमेंटमध्ये उतरण्याआधी हात धुणार, पाइपला स्टेथोस्कोप लावणार आणि आपण साधे खोकललो तरी "शूऽऽ" करणार. एकदा आमच्या हॉलमधला, बॉयलरच्या पाण्यावर खोली तापवणारा रेडिएटर खालून गरम आणि वरून गार पडला. डॉक्टरांनी त्याच्या कपाळावर, म्हणजे कपाळ असतं तर जिथे असतं तिथे, हात ठेवला. "पोटात गॅस झालाय. हवा अडकलीय." बाजूचा स्क्रू किल्लीने सैल केला, फुस्सकन हवा सुटली, आणि शपथेवर सांगतो, त्यांनी रेडिएटरची पाठ थोपटली! "शाबास! ढेकर आली."

पण एका हिवाळ्यात आमच्यावर खरीच वेळ आली. वडील गेल्यानंतर माझी आई लातूरकडून पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली होती, चांगली सहा महिन्यांसाठी. चारच दिवसांत ती आंघोळ करून कुडकुडत बाहेर आली. "माझं तिकीट बदल. या घरात मला गरम पाणी मिळत नाही." आणि चमत्कार बघा, मला, बायकोला, मुलीला तेच पाणी कढत, आई आत गेली की बर्फ! "आजी, इट्स टोटली फाइन!" मुलगी म्हणाली, आणि आईचा चेहरा आणखीच पडला. "मग घरालाच मी नको असेन."

मी डॉक्टरांना फोन लावला. बाहेर गुडघाभर बर्फ, ड्राइव्हवे फावड्याने साफ करायचा राहिलेला. तरी स्वारी हजर! आमचा बॉयलर नवा होता, टाकी नसलेला. नळ सोडला की पेटायचा आणि वाहतं पाणी तापवायचा. डॉक्टरांनी त्याला ऐकलं, हुंगलं, दाबाचा काटा वाचला.

"बाळ ठणठणीत आहे," ते हिरमुसून म्हणाले. आणि एकदम त्यांचे डोळे चमकले. "अरे, बाळ बोलत नसेल तर कुणाला विचारायचं? त्याला सांभाळणाऱ्याला! ताई, तुम्ही नळ कसा सोडता, दाखवा बघू."

आईने नळ सोडला. सुतळीएवढी धार! बादली भरेपर्यंत माणसाने पूजा उरकून घ्यावी. आमच्या गावात पाणी टँकरने येतं. तिथल्या बाईचा हात नळावर तेवढाच फिरतो. डॉक्टरांनी कान टवकारले. खाली सामसूम. मग त्यांनी नळ सर्रकन पूर्ण फिरवला आणि बेसमेंटमधून आवाज आला, "भुप्प!"

"सापडलं!" डॉक्टर जागच्या जागी उडालेच. "एवढ्याशा धारेने त्याला जागच येत नाही हो!"

"अगंबाई! म्हणजे इतकं पाणी वाहू द्यायचं?"

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. "ताई, बादली तीच. फक्त लवकर भरेल. भरली की बंद."

आईने वाफाळत्या बादलीत बोटं बुडवली, जरा वेळ तशीच ठेवली. "राहू दे मग ते तिकीट," ती म्हणाली.

त्यानंतर सबंध हिवाळा डॉक्टर दर शनिवारी फॉलोअपला यायचे. बॉयलरची तपासणी दोन मिनिटं, आईची थालीपिठं दोन तास!

आता ते व्हँकुव्हरला धाकट्या लेकीच्या कॉन्डोत असतात. तिथे सगळ्या इमारतीचं पाणी एकाच खोलीत तापतं आणि त्या खोलीला कुलूप असतं. आई आता दर हिवाळ्यात येते, आणि ती आली की त्यांचा फोन येतो. "पेशंट काय म्हणतोय?" आवाज दमलेला असतो.

जन्मात कधी खोटं न बोललेली माझी आई माझ्याकडे न बघता सांगते, "काल जरा घुरघुरत होता हो."

"घुरघुर? सारखी, की थांबून थांबून?" तिकडचा आवाज एकदम तरुण होतो.

"थांबा हं, ऐकून सांगते," म्हणत आई फोन घेऊन बेसमेंटचा जिना उतरते आणि त्या ठणठणीत बॉयलरशेजारी खुर्ची ओढून बसते.