माझ्या नावातला न आणि पोराचा हिशोब

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली तिसरी दोनदा. पण मत द्यायचं एकदाही चुकवलं नाही. हे मी मिरवून सांगतो.

यंदा मतदानाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून निघालो, तर मुलगा मोबाईल घेऊन आडवा आला. तो मुंबईला कचेरीत जातो, त्या दिवशी सुट्टी होती.

"बाबा, यादीत तुमचं नाव नाही. तीनदा शोधलं."

"नाही कसं? मागच्या वेळी होतं."

"आणि असलं तरी काय? हजारो मतांत तुमच्या एकाने कोण पडणारे? उन्हात रांग लावायची, गुडघे चोळत घरी यायचं. जरा हिशोब करा की."

त्याचा हिशोब चुकला असता तर मी हसलो असतो. बरोबर होता, म्हणूनच डोकं उठलं. मी म्हटलं, "खाडीचा बांध फुटला की घरटी एक माणूस माती टाकायला जायचा. माझ्या एका घमेल्याने खाडी अडत नाही म्हणून कुणी घरी बसलं का?"

"नाही गेलात तर लोक दारात येऊन शिव्या घालायचे, बाबा. इथे कोण विचारतंय?"

मी चपला चढवल्या. तसाच चालत निघालो. तो मागून गाडीवर, "बसा, बसा" करत. मी बसलो नाही.

शाळेच्या फाटकाशी एक बाई यादी घेऊन बसली होती. माझं आधार कार्ड बघून म्हणाली, "या नावाचं कुणी नाही, आजोबा."

मागून एकजण खेकसला, "म्हातारबा, घरी जाऊन झोपा. रांग खोळंबलीय."

"तुझा जन्म नव्हता तेव्हापासून इथं मत देतोय मी!" आणि बाईला म्हटलं, "कार्ड ठेवा बाजूला. मी बोलतो ते ऐका."

मी घरात बोलतात तसं नाव सांगितलं. आमच्या बोलीत ण नाही, पाण्याला आम्ही पानी म्हणतो. माझ्या नावात मात्र एक ण आहे. मध्ये यादीसाठी माणूस घरी आला, तेव्हा मुलगा सांगायला लागला. "माझं नाव मी सांगेन," म्हणून त्याला मीच गप्प केलं. त्या माणसाने ऐकलं तसं लिहून नेलं.

बाईचं बोट यादीवर थांबलं. "न घातलाय हो!" फोटोही माझाच होता. आतल्या साहेबांनी एक अक्षर चालवून घेतलं. मी बटण दाबलं.

बाहेर मुलगा गाडीला टेकून उभा.

"बोट दाखव."

"मी कुठे दिलंय?"

"तुझं नाव शुद्ध छापलंय, तरी बाहेर उभा?" मी शाळेच्या पायरीवर बसलो. "तू देऊन येईपर्यंत उठत नाही."

"लोक बघतायत, बाबा."

"बघू देत."

चडफडत गेला. परत आला तो हसत.

"कुणाला दिलंस?"

"तुम्ही दिलंत त्याच्या समोरच्याला. झाली फिट्टंफाट. दोघं घरी बसलो असतो तरी तेच."

येतानाही मी गाडीवर बसलो नाही. माझं मत धडधाकट पेटीत पडलं होतं, ते मीच त्याला आत धाडून पुसून टाकलं. पुढच्या खेपेला त्याला सोबत न्यायचा की घरात कोंडून ठेवायचा, ते अजून ठरत नाही.