व्हर्ना पार्डीने उतरवलेल्या पाट्या

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या खेकड्यांच्या कारखान्यात व्हर्ना पार्डी एकोणतीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून खेकडे फोडत आली. त्या वसंतात कामगारांनी तिला सुरक्षेची प्रतिनिधी निवडलं. पहिल्याच दिवशी ती हातगाडी घेऊन निघाली आणि दुपारपर्यंत सव्वीस पाट्या उतरवून तिने कँटीनच्या टेबलावर रचल्या.

मॅनेजर गेराल्ड हिस्कॉक धावत आला. "पाट्या लावायला निवडलंय तुला, व्हर्ना. काढायला नाही."

"ही बघ. 'रस्ता बंद.' दोन वर्षांपूर्वी मागच्या बोळात पाइप बदलले, तेव्हाची आहे. रोज सगळे हिच्याखालून वाकून जातात. तूही जातोस."

"आणि तपासनीस आला म्हणजे?"

"त्याला माझ्याकडे पाठव. पाटी खोटं बोलते हे एकदा कळलं, की ती खरं बोलली तरी कुणी ऐकत नाही."

गेराल्डने महिन्याची मुदत दिली. व्हर्नाचा नियम सोपा होता: ज्याने पाटी लावली, त्यानेच काम संपल्यावर ती काढायची. जिथे धोका कायमचा, तिथली पाटीही कायम. शीतगृहासाठी लागणाऱ्या विषारी अमोनिया वायूच्या खोलीवरची पाटी तर तिने स्वतः घासूनपुसून दिव्याखाली आणली.

एकदा ती चुकलीही. गोदामाच्या वळणावरची, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीपासून सावध करणारी पाटी तिला फालतू वाटली होती. चौथ्याच दिवशी तिथे ट्रे घेऊन जाणारा लेनर्ड फोर्कलिफ्टच्या पुढ्यात आला. तो वाचला, पण खेकड्यांचे ट्रे आडवे झाले. व्हर्नाने सगळ्यांदेखत पाटी परत ठोकली.

"माझं चुकलं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या."

"आधी ट्रे उचलू दे, मग सावकाश हसतो," लेनर्ड म्हणाला.

जूनमध्ये मागच्या बोळातला अमोनियाचा पाइप दुरुस्त करायला मिस्त्री आला. त्याने बोळाच्या तोंडाशी साखळी ओढून 'रस्ता बंद'ची पाटी लावली. चहाच्या सुट्टीत मी आणि आमच्याच ओळीत काम करणारा डग तिकडूनच निघालो होतो. डग सवयीने वाकला आणि तसाच थांबला.

"काल नव्हती ही."

"मग आज खरंच बंद असणार," मी म्हटलं.

कुरकुरत आम्ही लांबून वळसा घेतला. दहा मिनिटांत व्हॉल्व्ह सुटला, बोळात अमोनिया पसरला आणि भोंगा वाजला. वारा अंगावर घेत आम्ही सगळे धक्क्यावर जमलो. व्हर्नाने दोनदा डोकी मोजली; एकशे बेचाळीस, पूर्ण. मिस्त्री तोंडावर मास्क असल्याने धडधाकट बाहेर आला. बोळात दुसरं कुणीच नव्हतं.

मुदतीचं नाव गेराल्डने पुन्हा काढलं नाही. आता व्हर्ना आसपासच्या कारखान्यांतही शिकवायला जाते. तिथल्या लोकांना ती आधी एवढंच विचारते, "कुठली पाटी तुम्ही कधीच वाचत नाही?" मग चष्मा लावते आणि लिहून घेते.