ब्लॅकबेरी मांडणारे चाचा

कुणाबद्दल लिहिण्याइतका मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा.

इथे कुवेतला, सलवा भागातल्या सुपरमार्केटात रत्नागिरीचे एक चाचा फळं मांडत. ब्लॅकबेरीचा प्रत्येक डबा उलटा करून रस सुटलाय का बघत. आपला नोकरीचा करार वाढेल का, या काळजीतही त्यांचा हात हळुवारच असे.

एकदा मी त्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं सांगितलं, "व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रजी पेपर मुबलक मिळणाऱ्या कशालाही रानोमाळ उगवणाऱ्या ब्लॅकबेरीसारखं म्हणायचे. नोकरांनासुद्धा."

"म्हणजे आमची करवंदं," चाचा हसले. मग डबा हातातच राहिला. "ते नोकर पेपर वाचायचे काय रे?"



परीक्षेनंतर गेलो तेव्हा कळलं, करार वाढला नाही. चाचा गावी गेले होते आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी माणूस मिळाला होता.